कुलूप कोणासाठी?

माझी मावसबहीण टेक्सासमध्ये, डॅलसच्या एका उपनगरात राहते. दोन वर्षांपूर्वी मी तिच्याकडे गेले होते, तेव्हा तिच्या अकरा वर्षांच्या मुलीला वर्गमैत्रिणीकडे रात्री मुक्कामाला जायचं होतं. अशा वेळी आपल्याकडची आई जे विचारते ते सगळं बहिणीने फोनवर विचारलं. घरी कोण कोण असणार, जेवायला काय करताय, कुत्रा बांधून ठेवता ना. आणि मग त्याच सुरात पुढचा प्रश्न : "तुमच्या घरी बंदूक आहे का? असेल तर कुलपात असते का?"

मी भाजी निवडत होते, माझा हात थांबला. पलीकडची बाई मात्र रागावली नाही. "आहे. या तुम्ही, दाखवते," म्हणाली.

संध्याकाळी आम्ही गेलो. झोपायच्या खोलीत, पलंगाशेजारच्या टेबलाच्या खणात एक पोलादी पेटी होती. जाडजूड शब्दकोशाएवढी, खणाच्या तळाला बोल्टने आवळलेली. झाकणावर बोटांच्या टोकांना लागतील अशा खाचा आणि त्या खाचांत बटणं. घरमालकाने डोळे मिटले, ठरलेल्या क्रमाने बटणं दाबली आणि झाकण स्प्रिंगने वर उडालं. मी मनात तीन आकडे मोजेपर्यंत पेटी उघडली होती. आत भरलेलं पिस्तूल. "रात्री कोणी दार फोडलं तर मला एवढाच वेळ लागेल," तो म्हणाला, "आणि मुलीला ती कधीच उघडता येणार नाही."

बंदूक मालकाच्या हाताशी हवी आणि बाकी सगळ्यांच्या हाताबाहेर हवी. अमेरिकेतल्या कोट्यवधी घरांपुढचा हा रोजचा प्रश्न आहे. ही दोन्ही टोकं एकाच वेळी साधतात का, आणि साधत नसतील तर कोणतं सोडायचं? गेल्या तीस-पस्तीस वर्षांत यावर पुष्कळ संशोधन झालं, कायदे झाले, खटले झाले, कुलपांचे नाना प्रकार बाजारात आले. त्या सगळ्याचा हा आढावा. माझं म्हणणं आधीच सांगते. हा वाद 'सुरक्षितता की तत्परता' असा मांडला जातो आणि तिथेच तो फसतो. कुलूप नेमकं कोणाला अडवण्यासाठी लावायचं आहे, हे आधी ठरवलं की बराचसा गुंता सुटतो.

शिकारीची बंदूक उशाशी आली

अमेरिकेत घरात बंदूक असणं नवं नाही. बदललं ते तिचं कारण. १९९९ साली बंदूकमालकांना कारण विचारलं तेव्हा जवळजवळ निम्म्यांनी शिकार सांगितलं होतं; स्वसंरक्षण सांगणारे साधारण एक चतुर्थांश होते. २०१३ पर्यंत हे चित्र उलटं झालं. प्यू संशोधन केंद्राच्या २०२३ च्या पाहणीत ३२ टक्के प्रौढांनी आपल्याकडे बंदूक असल्याचं सांगितलं आणि त्यातल्या ७२ टक्क्यांनी स्वसंरक्षण हे मोठं कारण असल्याचं म्हटलं.

कारण बदललं तशी घरातली जागाही बदलली. शिकारीची लांब बंदूक हंगामापुरती बाहेर निघते. एरवी ती रिकामी करून, तेल देऊन कपाटात ठेवली तरी कोणाचं काही अडत नाही. स्वसंरक्षणाच्या पिस्तुलाचं तसं नाही. मालकाच्या दृष्टीने ते भरलेलं हवं, जवळ हवं आणि अंधारात सापडायला हवं. म्हणजे ज्या तीन गोष्टींनी ते मालकाला उपयोगी होतं, त्याच तीन गोष्टींनी ते घरातल्या लेकरांना घातक ठरतं.

राज्यघटनेच्या पातळीवर हा प्रश्न २००८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आला. राजधानी वॉशिंग्टनमध्ये तेव्हा पिस्तूल बाळगायला बंदी होती आणि घरातल्या इतर बंदुका रिकाम्या करून, सुट्या करून किंवा चापाला कुलूप लावून ठेवण्याची सक्ती होती. 'डिस्ट्रिक्ट ऑफ कोलंबिया विरुद्ध हेलर' या खटल्यात न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी बंदी रद्द केली आणि ती सक्तीही रद्द केली. अशा नियमामुळे घरात स्वसंरक्षण करणंच अशक्य होतं, हे त्यामागचं कारण. अपघात टाळण्यासाठी केलेल्या साठवणुकीच्या सगळ्याच कायद्यांना मात्र हा निकाल लागू नाही, असंही त्यात स्पष्ट केलं होतं. पुढची सगळी कायदेशीर झटापट या दोन विधानांच्या मधल्या जागेत झाली.

मरण कोणत्या दाराने येतं

२०२३ साली अमेरिकेत बंदुकीच्या गोळीने सुमारे ४६,७०० माणसं गेली. त्यातल्या सुमारे २७,३०० आत्महत्या होत्या, म्हणजे निम्म्याहून कितीतरी जास्त. अपघाती मृत्यू वर्षाला पाचशेच्या आसपास असतात. २०२० पासून एक ते एकोणीस वयोगटातल्या मृत्यूंचं पहिलं कारण बंदूक आहे. वाहन-अपघातांना तिने मागे टाकलं.

हे आकडे शेजारी शेजारी ठेवले की एक गोष्ट डोळ्यांत भरते. पिस्तूल घेताना माणसाच्या मनात दाराबाहेरचा अनोळखी माणूस असतो. पण ती बंदूक ज्यांचा जीव घेऊ शकते, त्यांतले पुष्कळ जण त्याच घरात जेवतात आणि झोपतात. म्हणून कुलपाचा विचार एका शत्रूला धरून करता येत नाही. लहान मूल, वयात आलेला मुलगा, खचलेला मालक स्वतः, संतापलेला जोडीदार आणि चोर, अशा पाच जणांना धरून तो करावा लागतो. आणि या पाचही जणांना अडवणारं एकच कुलूप नाही.

लहान मूल

"आमच्या मुलांना शिकवलंय, ती हात लावणार नाहीत." आईबापांचं हे वाक्य पडताळून पाहिलं गेलं आहे. २००१ साली 'पीडियाट्रिक्स' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एका प्रयोगात आठ ते बारा वर्षांच्या ६४ मुलग्यांना दोघा-तिघांच्या २९ गटांत एका खोलीत सोडलं होतं. खणात खरं पिस्तूल होतं, अर्थात निकामी केलेलं. २१ गटांना ते सापडलं. त्यातल्या १६ गटांत कोणीतरी ते हाताळलं आणि १० गटांत कोणीतरी चाप ओढला. हात लावणाऱ्यांपैकी दहातल्या नऊहून जास्त मुलांना आधी कधी ना कधी बंदुकीबद्दल ताकीद मिळालेली होती.

दुसरी समजूत : "बंदूक कुठे असते ते मुलांना ठाऊकच नाही." २००६ साली अलाबामातल्या ग्रामीण भागात आईवडिलांना आणि मुलांना वेगवेगळं बसवून हाच प्रश्न विचारला गेला. मुलांना जागा माहीत नाही असं सांगणाऱ्या पालकांपैकी ३९ टक्के पालकांना त्यांच्याच मुलांनी खोटं पाडलं.

हे मी वाचलं होतं. त्या संध्याकाळी डोळ्यांनी पाहिलं. पेटी बंद झाल्यावर बहिणीने विचारलं, "बटणं बिघडली तर?" घरमालक म्हणाला, "जास्तीची किल्ली आहे ना." "कुठे असते?" तो उत्तर द्यायला जरा घुटमळला. तेवढ्यात दारात उभी असलेली त्याची मुलगी सहज म्हणाली, "फ्रिजवरच्या निळ्या कपात." खोलीत कोणी काही बोललं नाही. तीन सेकंदांत उघडणारी, बोल्टने आवळलेली, बऱ्यापैकी महागाची ती पेटी त्या क्षणी चहाच्या कपाएवढीच सुरक्षित होती.

तेव्हा शिकवण हवीच, पण ती कुलपाची जागा घेऊ शकत नाही. २००५ साली 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एका महत्त्वाच्या अभ्यासात चार सवयी वेगवेगळ्या तपासल्या होत्या : बंदूक कुलपात, बंदूक रिकामी, काडतुसं वेगळी, काडतुसंही कुलपात. मुलांच्या आणि किशोरांच्या आत्महत्या व अपघात धरले तर कुलपातल्या किंवा रिकाम्या बंदुकीपाशी धोका साधारण सत्तर टक्क्यांनी कमी दिसला. काडतुसं वेगळी किंवा कुलपात असतील तिथे निम्म्याहून अधिक कमी. अशा अभ्यासातून संबंध दिसतो, कार्यकारणभाव पक्का होत नाही, हे खरं. तरी चारही सवयी एकाच दिशेने बोट दाखवतात. अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची संघटना म्हणते की सर्वांत सुरक्षित घर बंदूक नसलेलं; असलीच तर रिकामी, कुलपात, आणि काडतुसं दुसऱ्या कुलपात. या कसोटीवर पलंगाजवळची पेटी अर्धीच उतरते. बंदूक कुलपात आहे, पण भरलेली आहे. म्हणजे त्या घराचा सगळा भार एकाच कुलपावर आहे. म्हणून ते एक कुलूप, त्याचा आकडा आणि त्याची किल्ली यांत जराही ढिलाई चालत नाही.

वयात आलेला मुलगा

तेरा-चौदाव्या वर्षानंतर हिशेब बदलतो. या वयाचा मुलगा आकडा बघून लक्षात ठेवतो, किल्ली शोधतो, व्हिडिओ बघून स्वस्त पेटी उघडायला शिकतो. २००८ ते २०१७ या काळातल्या शाळांवरच्या ४१ हल्ल्यांचा अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसने अभ्यास केला. बंदूक वापरणाऱ्यांपैकी तीन चतुर्थांश हल्लेखोरांनी ती आईवडिलांच्या किंवा जवळच्या नातेवाइकांच्या घरातून मिळवली होती. त्यातल्या जवळजवळ निम्म्या बंदुका सहज हाती लागण्यासारख्या होत्या. इतर काही घटनांत कुलूप असूनही मुलांनी त्या मिळवल्या होत्या.

३० नोव्हेंबर २०२१ रोजी मिशिगनमधल्या ऑक्सफर्ड हायस्कूलमध्ये पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्याने चार विद्यार्थ्यांना ठार केलं. पिस्तूल काही दिवसांपूर्वीच वडिलांनी विकत घेतलं होतं. सोबत मिळालेलं केबलचं कुलूप पोलिसांना वेष्टनातच सापडलं. २०२४ साली त्या मुलाच्या आई आणि वडील दोघांनाही वेगवेगळ्या ज्यूरींनी सदोष मनुष्यवधासाठी दोषी ठरवलं. प्रत्येकाला दहा ते पंधरा वर्षांची शिक्षा झाली. शाळेतल्या सामूहिक हत्येसाठी अमेरिकेत आईबापांवर असा गुन्हा शाबीत होण्याची ही पहिली वेळ. त्याच वर्षी फेब्रुवारीत मिशिगनचा सुरक्षित साठवणुकीचा कायदा अमलात आला. चार घरांतली लेकरं गेल्यावर तो आला, ही गोष्ट विसरता येत नाही.

मालक स्वतः

सर्वांत कमी बोललं जातं ते याविषयी, आणि सर्वांत जास्त मृत्यू याच दाराने येतात. कॅलिफोर्नियातल्या सुमारे २ कोटी ६० लाख प्रौढांच्या नोंदींवर आधारलेला अभ्यास २०२० साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आला. पिस्तूल नसलेल्या पुरुषांच्या तुलनेत पिस्तूल असलेल्या पुरुषांत बंदुकीने आत्महत्या होण्याचं प्रमाण आठ पट होतं. स्त्रियांत ते पस्तीस पट.

"ज्याला मरायचंच आहे तो दुसरा मार्ग शोधेल," असं म्हटलं जातं. पुरावा तसं सांगत नाही. ह्यूस्टनमध्ये मरणाच्या दारातून परतलेल्या तरुणांशी बोलून केलेल्या एका अभ्यासात, साधारण चौघांतल्या एकाने सांगितलं की निर्णय आणि कृती यांत पाच मिनिटांहून कमी वेळ गेला होता. आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेल्या दहा जणांपैकी नऊ जण पुढे आत्महत्येने मरत नाहीत. बंदुकीच्या बाबतीत मात्र वाचण्याची संधी जवळजवळ नसतेच. ती लाट ओसरेपर्यंत माणूस आणि बंदूक यांच्यात काहीतरी आडवं आलं, तर जीव वाचतो.

इस्रायलचा अनुभव फार बोलका आहे. तिथल्या सैन्याने २००६ साली सुट्टीवर घरी जाणाऱ्या जवानांना शस्त्र तळावरच ठेवायला सांगितलं. जवानांमधल्या आत्महत्या सुमारे चाळीस टक्क्यांनी घटल्या, आणि ही घट प्रामुख्याने आठवड्याच्या सुट्टीच्या दिवसांतली होती. बाकी दिवसांत फारसा फरक पडला नाही. माणसं तीच होती, त्यांची दुःखंही तीच. फक्त शुक्रवार-शनिवारी घरात बंदूक नव्हती.

आता पलंगाजवळच्या पेटीकडे पुन्हा बघू. मुलीला ती अडवेल, पण मालकाला नाही. आकडा त्याच्याच बोटांत आहे. म्हणून घरात कोणाला नैराश्याने घेरलं असेल, घटस्फोट किंवा नोकरी जाण्याचा काळ असेल, दारू वाढली असेल, तर इथे चांगलं कुलूप म्हणजे दुसऱ्याचा हात. पत्नीने किंवा भावाने आकडा बदलायचा, किंवा बंदूक काही काळ घराबाहेर ठेवायची. न्यू हॅम्पशायरमध्ये २००९ साली एका आठवड्यात तिघांनी एकाच दुकानातून बंदूक घेऊन काही तासांत जीव दिला. त्या दुकानाचा मालक हादरला. त्यातून दुकानदारांनी आणि हार्वर्डमधल्या संशोधकांनी मिळून 'गन शॉप प्रोजेक्ट' उभा केला. गिऱ्हाईक संकटात असल्याची चिन्हं कशी ओळखायची, हे दुकानदारांनी शिकायचं. मित्राने मित्राला "तुझी बंदूक थोडे दिवस माझ्याकडे राहू दे" म्हणायचं. कोलोरॅडोत तर बंदूक तात्पुरती कुठे ठेवता येईल त्या दुकानांचे आणि पोलीस ठाण्यांचे नकाशे तयार झाले. बंदूक बाळगणाऱ्यांनीच हे काम हाती घेतलं, याचं मला फार मोल वाटतं.

जोडीदार आणि चोर

कॅलिफोर्नियातल्याच त्या नोंदींवरचा दुसरा अभ्यास २०२२ साली आला. स्वतःकडे पिस्तूल नसलेल्या पण पिस्तूलधारकासोबत राहणाऱ्या माणसांना जोडीदाराच्या गोळीने मरण्याचा धोका सात पट होता, आणि असे बळी बहुतांशी स्त्रिया होत्या. घरात हिंसा असेल तर पेटी कितीही चांगली असो, आकडा मारणाऱ्याकडेच असतो. तिथे उत्तर कुलपाचं नाही, शस्त्र काढून घेण्याचं आहे. कौटुंबिक हिंसेविरुद्ध न्यायालयाचा संरक्षण आदेश असलेल्या माणसाला बंदूक बाळगता येत नाही, हा कायदा २०२४ साली सर्वोच्च न्यायालयाने 'रहिमी' खटल्यात कायम ठेवला.

चोराचं गणित वेगळं. २०१७ ते २०२१ या पाच वर्षांत अमेरिकेत सुमारे दहा लाख बंदुका चोरीला गेल्याची नोंद आहे आणि त्या बहुतेक खासगी मालकांच्या होत्या. घरासाठी घेतलेली बंदूक अशी रस्त्यावर येते. चोराला केबल कापायला साधा कटर पुरतो आणि बोल्ट नसलेली पेटी तो काखोटीला मारून नेतो.

तीन सेकंदांची किंमत

आता दुसरी बाजू, तिच्या पूर्ण वजनासह. रात्री दार फुटण्याची भीती काल्पनिक नाही. अमेरिकेच्या न्याय विभागाच्या पाहणीनुसार २००३ ते २००७ या काळात वर्षाला सरासरी ३७ लाख घरफोड्या झाल्या. त्यातल्या २८ टक्के वेळा घरात कोणीतरी होतं आणि ७ टक्के वेळा घरच्यांवर हिंसा झाली. म्हणजे वर्षाला अडीच लाखांहून अधिक घरं. एकटी राहणारी बाई, माग काढत येणाऱ्या माजी नवऱ्याला घाबरलेली आई, पोलीस पोचायला पाऊण तास लागेल अशा शेतावरचं म्हातारं जोडपं, यांना "भीती सोडा" असं सांगणं अन्यायाचं आहे.

बंदुकीने स्वसंरक्षण किती वेळा होतं, यावर मात्र टोकाचे मतभेद आहेत. क्लेक आणि गर्ट्झ या संशोधकांनी १९९५ साली वर्षाला सुमारे २५ लाख असा अंदाज दिला. सरकारच्या गुन्हेपीडितांच्या पाहणीतून एक लाखाच्या आतले आकडे निघतात. पाहणीत कोणाला काय विचारलं, यावर हा फरक उभा आहे आणि तो अजून मिटलेला नाही.

पण आपला प्रश्न त्याहून लहान आहे : कुलूप लावल्याने संरक्षणाचं नेमकं किती नुकसान होतं? गाढ झोपेतून जाग येणं, आवाज कसला ते कळणं, मुलं आपापल्या खोलीत आहेत का हे पाहणं, ९११ ला फोन करणं, यात जाणारा वेळ पेटी उघडण्याच्या तीन सेकंदांपेक्षा कितीतरी मोठा असतो. शिवाय उशीखालचं भरलेलं पिस्तूल अर्धवट झोपेतल्या हातात येतं. रात्री उशिरा घरी परतलेल्या आपल्याच मुलाला चोर समजून गोळी घातल्याच्या घटना अमेरिकेत घडलेल्या आहेत. पेटी उघडण्याच्या त्या तीन सेकंदांत माणूस पुरता जागा होतो. हाही संरक्षणाचाच भाग आहे.

आणि समोरच्या पारड्यात काय आहे? चिमुरड्याला न उघडणारं झाकण. किशोराला न सापडणारा आकडा. खचलेल्या माणसाला, दुसऱ्याने आकडा बदलला असेल तर, मिळालेली पाच मिनिटं. एका बाजूला तीन सेकंद, दुसऱ्या बाजूला पाच मिनिटं. हा सौदा मला अवघड वाटत नाही. अनेक अनुभवी प्रशिक्षक एकच नियम सांगतात : बंदूक एक तर अंगावर, नाहीतर कुलपात. खणात, गादीखाली, गाडीच्या कप्प्यात, कपाटावर, या सगळ्या जागा त्या नियमाने बाद होतात.

कुलपांची पारख

केबलचं कुलूप सर्वांत स्वस्त, पुष्कळदा फुकट. प्लास्टिकचं आवरण असलेली पोलादी तार बंदुकीच्या यंत्रणेतून ओवली की त्यात काडतूस बसत नाही. बंदूक-उद्योगाच्या 'प्रोजेक्ट चाइल्डसेफ' या उपक्रमाने १९९९ पासून अशी ४ कोटींवर कुलपं वाटली आहेत, आणि २००५ च्या संघीय कायद्याने दुकानदाराला पिस्तुलासोबत कुलूप देणं बंधनकारक आहे. लहान मुलांसाठी ते चांगलं. चोरासाठी आणि घाईच्या वेळेसाठी नाही. चापाचं कुलूप दोन्ही बाजूंनी चापाला झाकतं, पण भरलेल्या बंदुकीला ते कधीही लावू नये. लावताना-काढतानाच चाप दाबला जाऊ शकतो.

मोठी तिजोरी लांब बंदुकांसाठी आणि चोरापासून राखण्यासाठी. तिच्यावर निवासी सुरक्षेचा जो शिक्का असतो, त्याच्या प्राथमिक पातळीचा अर्थ एवढाच की साध्या हत्यारांपुढे ती पाच मिनिटं तग धरते. म्हणून तीही भिंतीला किंवा जमिनीला आवळायला हवी.

झटपट उघडणाऱ्या पेट्यांत फार डावं-उजवं आहे. २०१२ साली सुरक्षातज्ज्ञांनी काही स्वस्त पेट्या आपटून, तारेने डिवचून उघडून दाखवल्या. एक तर तीन वर्षांच्या मुलाने उघडली. ऑक्टोबर २०२३ मध्ये बोटाच्या ठशावर चालणाऱ्या सुमारे ६१,००० पेट्या परत मागवाव्या लागल्या, कारण नोंद नसलेल्या बोटानेही त्या उघडू शकत होत्या. मालकाला वाटत होतं पेटी आपलं बोट ओळखते; प्रत्यक्षात ती कोणालाही दार उघडत होती. ठशाची पेटी घेतली तर आधी घरातल्या प्रत्येकाचं बोट लावून बघावं. साध्या यांत्रिक बटणांच्या पेटीला बॅटरी लागत नाही आणि ओल्या हाताचीही तिला अडचण नसते, म्हणून जाणकार तिला मान देतात.

बंदुकीतच ओळख बसवण्याचा विचारही जुना आहे. न्यू जर्सीने २००२ साली कायदा केला की अशी 'स्मार्ट' बंदूक बाजारात आली की तीन वर्षांनी राज्यात फक्त तशीच पिस्तुलं विकायची. परिणाम उलटा झाला. या सक्तीच्या भीतीने देशभरातल्या बंदूकमालकांनी असल्या बंदुका विकणाऱ्या दुकानांनाच विरोध केला. शेवटी २०१९ साली तो कायदा सैल करावा लागला. चांगलं साधनही ज्यांच्यासाठी आहे त्यांना शत्रू मानून आणलं तर घरात शिरत नाही, हा धडा त्यातून मिळाला.

कायद्याचा हात किती लांब

फ्लोरिडाने १९८९ साली, मुलांच्या हाती बंदूक लागू दिल्याबद्दल मालकाला जबाबदार धरणारा पहिला राज्य-कायदा केला. टेक्सासमध्येही तसा कायदा १९९५ पासून आहे. सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेली बंदूक लागू दिली तर गुन्हा. मॅसॅच्युसेट्स त्याच्या पुढे जातं. घरात मूल असो-नसो, मालकाच्या ताब्यात नसेल तेव्हा बंदूक कुलपात हवीच. सॅन फ्रान्सिस्कोचा असाच नियम अपील न्यायालयाने उचलून धरला आणि २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यात पडायला नकार दिला. हेलरच्या निकालाशी याचा मेळ बसतो, कारण हे नियम बंदूक निकामी करायला सांगत नाहीत; अंगावर किंवा कुलपात एवढंच सांगतात.

अशा कायद्यांनी फरक पडतो का? रँड या अमेरिकी संशोधनसंस्थेने बंदूकविषयक धोरणांवरचं संशोधन काटेकोर कसोट्या लावून तपासलं. मुलांना बंदुकीपासून दूर ठेवणाऱ्या कायद्यांमुळे तरुणांमधल्या आत्महत्या आणि अपघात कमी होतात, याला तिने सर्वांत वरच्या पातळीचा पुरावा मानलं आहे. इतर फार थोड्या धोरणांच्या वाट्याला ही मोहोर आली आहे. मर्यादाही उघड आहेत. अमेरिकेत पोलीस घरात शिरून कपाट तपासत नाहीत, त्यामुळे कायदा बहुधा अनर्थ झाल्यावर जागा होतो. म्हणून डॉक्टरचा, शेजाऱ्याचा, मैत्रिणीच्या आईचा प्रश्न महत्त्वाचा. डॉक्टरांनी बंदुकीबद्दल विचारू नये असा कायदा फ्लोरिडाने २०११ साली केला होता. २०१७ साली अपील न्यायालयाने त्याचा गाभा रद्द केला.

दुसऱ्या देशांनी कोडं वेगळ्या टोकाने सोडवलं. कॅनडात १९९८ पासूनच्या नियमांनुसार घरातली बंदूक रिकामी आणि कुलूपबंद हवी. ऑस्ट्रेलियाने १९९६ नंतर स्वसंरक्षण हे परवान्याचं कारणच मानलं नाही. जपानमध्ये बंदूक एका कपाटात, काडतुसं दुसऱ्यात, आणि पोलीस येऊन बघतात. या तिन्ही देशांनी 'झटपट' हा शब्दच प्रश्नातून काढून टाकला आहे. अमेरिकेची राज्यघटना तसं करू देत नाही, म्हणून तिथल्या माणसाला दोन्ही टोकं धरूनच चालावं लागतं.

आपल्या दाराशी

आपल्याकडे घरात बंदूक विरळा, पण नाहीच असं नाही. कोकणात माझ्या आजोबांच्या ओटीवर ठासणीची बंदूक खुंटीला असे. शेतीसंरक्षणाचा परवाना, रानडुकरं आणि वानरं हाकायला. खंडेनवमीला तिला तेल देऊन पाटावर मांडायचे, फूल वाहायचे. दारू आणि छरे मात्र आजीच्या ताब्यातल्या डब्यात, कोठीच्या खोलीत. कोणी नियम शिकवला नव्हता; पण बंदूक एकाच्या हाती आणि दारू दुसऱ्याच्या, ही तजवीज बालरोगतज्ज्ञांच्या सल्ल्याच्या बरीच जवळ जाणारी होती.

आता शहरातही परवाने आहेत, रिव्हॉल्व्हर-पिस्तुलांचेही आहेत. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला दोनच शस्त्रं ठेवता येतात. निवडणुकीची आचारसंहिता लागली की शस्त्रं पोलीस ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात आणि ते सरसकट नकोत, प्रत्येकाचा विचार करून हवेत, हा आग्रह गोव्यातल्या एका प्रकरणावरून मुंबई उच्च न्यायालयातही गाजला. पण उरलेल्या दिवसांत ते शस्त्र घरात कसं ठेवलं आहे, याची चर्चा आपण करत नाही. १ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे अभिनेते गोविंदा यांच्या पायाला मुंबईतल्या राहत्या घरी त्यांच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरमधून सुटलेली गोळी लागली. ते बचावले. त्या दिवशी बातम्या पुष्कळ झाल्या. भरलेलं शस्त्र घरात कसं ठेवावं, कसं हाताळावं, यावर चार ओळी मात्र विरळाच दिसल्या.

हाती काय उरतं

हा सगळा पसारा वाचून मी ज्या मताला आले ते असं. घरात कोणी खचलेलं, व्यसनात बुडालेलं किंवा हिंसक असेल, तर त्या काळात बंदूक घरात नकोच. कुलूप तिथे पुरत नाही. तशी स्थिती नसेल आणि मालकाला ती हवीच असेल, तर अंगावर किंवा आवळून बसवलेल्या, तपासून घेतलेल्या पेटीत. बाकी बंदुका रिकाम्या, काडतुसं वेगळी. आकडा मुलाच्या जन्मतारखेचा नको. आणि दुसरी किल्ली घरात नको.

घरी परतताना गाडीत बहीण बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "विचारायला मला लाज वाटत होती." लाज वाटण्यासारखं त्यात काही नव्हतं. दोन दिवसांनी त्या मुलीच्या आईचा फोन आला. तिच्या नवऱ्याने आकडा बदलला होता आणि जास्तीची किल्ली आपल्या कामाच्या ठिकाणी टेबलाच्या कुलूपबंद खणात नेऊन ठेवली होती. निळा कप तिने धुऊन इतर कपांत लावून टाकला होता. शनिवारी भाची तिची उशी आणि पांघरूण घेऊन मुक्कामाला गेली. त्या रात्री आम्ही दोघी शांत झोपलो.